दाइझात दगड दर ऋतूत डुलतो? कारण आणि इलाज

तक्रार साधारण अशी असते. उन्हाळ्यात दाइझा, म्हणजे मांडणीच्या दगडाखालची लाकडी बैठक, कोरला, दगड अगदी घट्ट बसला, बोटाने ढकलला तरी हलेना. गणपती येईपर्यंत त्याच दगडाच्या कडेने फट दिसायला लागली, आणि टेबलाला जरा धक्का लागला की दगड डुलतो. किंवा याच्या बरोबर उलट: जुलैत कोरलेला दाइझा मार्च-एप्रिलमध्ये दगडाला करकचून धरतो, दगड वर उचलल्यासारखा दिसतो आणि दाइझाच्या टोकाला बारीक चीर पडते. मग कानस हातात येते, खाच थोडी घासली जाते, महिना-दोन महिने बरे जातात आणि ऋतू बदलला की तेच दुखणं परत.

कानस मारून हे थांबत नाही, कारण बहुतेक वेळा कोरण्यात खोट नसतेच. दगड धरून ठेवायचं काम लाकडाच्या चुकीच्या भागावर टाकलेलं असतं. दगडाचं वजन खाचेच्या तळाने घ्यायला हवं. भोवतीच्या काठाने दगडाला जवळून साथ द्यावी, पण त्याला पकडू नये. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

या छंदात नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगतो. सुइसेकी म्हणजे डोंगर, कडा, धबधबा, बेट यांची आठवण करून देणारा, निसर्गातच घडलेला दगड निवडून मांडण्याची जपानी कला. दाइझा म्हणजे त्या एकाच दगडाच्या तळाचा आकार कोरून केलेली लाकडी बैठक. चिनी विद्वानांच्या दगडांखालच्या बैठका बऱ्याचदा नक्षीदार असतात. जपानी दाइझा साधा, बारीक काठाचा असतो आणि दगडापुढे मागे राहतो. इतक्या बारीक काठात अर्ध्या मिलिमीटरची फटही लपत नाही. म्हणून हे दुखणं दाइझात जेवढं दिसतं तेवढं साध्या पाटात कधी दिसणार नाही.

लाकूड फुगलं की खाच आवळते, हा गैरसमज

पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, हे घरोघरी दिसतं. त्यावरून दाइझाचं लाकूड फुगलं की खाचही आवळत असेल असा अंदाज बांधला जातो. होतं उलट. दार हे चौकटीच्या आत बसलेलं लाकूड आहे, ते फुगलं की अडकणारच. दाइझात आत बसलाय तो दगड, आणि तो फुगत नाही की आकसत नाही. खाच मात्र लाकडातच कोरलेली आहे. लाकूड रुंदावलं की खाच त्याच प्रमाणात रुंदावते, लाकूड आकसलं की खाचही आकसते. म्हणून पावसात दगड सैल पडतो आणि उन्हाळ्यात अडकतो.

किती फरक पडतो, तेही पाहू. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने साधारण ५ ते ६ टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण अडीच टक्के. तंतूंच्या लांबीत जवळजवळ काहीच नाही. आपल्या घरात लाकूड इतक्या टोकाला जात नाही. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो, ६५ टक्क्यांना १२ आणि ८० टक्क्यांना १६. पुण्यातली एप्रिलची दुपार आणि ऑगस्टचा आठवडाभराचा पाऊस आठवा, म्हणजे आपण या पट्टीच्या दोन्ही टोकांच्या किती जवळ जातो ते कळेल. जाड लाकूड हवेच्या मागे काही आठवडे रेंगाळतं, म्हणून घरातला फरक ७ टक्के धरू. १०० मिलिमीटर रुंदीची खाच, सागाची फळी साधी चिरलेली, म्हणजे टोकाकडून पाहिलं तर वलयं फळीच्या तोंडाला समांतर आडवी पसरलेली. अशी खाच वर्षभरात रुंदीला सव्वा मिलिमीटरच्या आसपास उघडते आणि मिटते. वलयं उभी असलेल्या फळीत हाच फरक जवळपास निम्मा, म्हणजे ०.६ मिलिमीटर.

आणि लांबीत? शून्य म्हटलं तरी चालेल. म्हणून दगडाची दोन्ही टोकं वर्षभर जशीच्या तशी बसलेली दिसतात आणि बाजूंना फट पडते. फट सगळीकडे सारखी न पडता फक्त दोन लांब बाजूंना पडली असेल, तर निदान तिथेच झालं.

कोकण, मुंबई, गोवा इथे उन्हाळाही दमट असतो, त्यामुळे वर्षभरातला हेलकावा कमी. खरी पंचाईत होते ती रत्नागिरीत कोरलेला दाइझा नागपूरला गेला की. मे महिन्यातलं नागपूर लाकडाला अक्षरशः पिळून काढतं.

जपानमध्येही हे आहेच, फक्त महिने वेगळे. टोकियोचा उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा. १९३४ साली सुरू झालेलं कोकुफू-तेन हे बोन्सायचं मोठं प्रदर्शन टोकियोत उएनोला फेब्रुवारीत भरतं, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. जून-जुलैच्या पावसात कोरलेली बैठक तिथेही फेब्रुवारीत आवळते. तिथे दाइझासाठी शितान, कोकुतान, कारिन ही लाकडं नावाजलेली आहेत. शितान म्हणजे शिसवाच्या जातीचं, कोकुतान म्हणजे आबनूस, आणि कारिन हे पडौक या लालसर लाकडाच्या झाडाच्या कुळातलं. यांतलं कारिन मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण ते दिसायला देखणं आहेच, शिवाय कमी हलतं. आपल्या सह्याद्रीतला बिबळा याच कुळातला. मात्र बिबळा ओला झाला की रंग सोडतो, त्यामुळे पाणी मारून मांडायच्या दगडाखाली किंवा बोन्सायच्या कुंडीखाली तो वापरताना आतून पक्कं पॉलिश हवंच.

आधी ठरवा: नेमकं काय डुलतंय?

"दगड हलतो" या एका तक्रारीमागे तीन वेगळी दुखणी असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पटाशी उचलण्याआधी हे ठरवणं फार गरजेचं आहे. चुकीच्या जागचं लाकूड एकदा गेलं की ते परत चिकटवता येत नाही.

पहिली तपासणी दगड बाजूला ठेवून. रिकामा दाइझा जाड काचेवर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून बोटाने दाबा. टकटक आवाज आला तर दगडाचा काही दोष नाही, दाइझाच वाकला आहे किंवा पाय कमी-जास्त आहेत. काच हवीच. घरातली टेबलं, ओटे, फरशा यांतलं काहीही पुरेसं सपाट नसतं.

दाइझा काचेवर शांत बसला तर दगड आत ठेवा. आता दगडाला हलकेच ढकला आणि तो कोणत्या दिशेने डुलतो ते पाहा. लांबीच्या दिशेने, म्हणजे एक टोक खाली आणि दुसरं वर असा सी-सॉसारखा डुलत असेल, तर बहुधा दोन लांब काठांनी त्याला मध्यावर चिमटीत धरलंय आणि तळापासून उचललंय. हे कोरड्या महिन्यांचं दुखणं. आडव्या दिशेने, पुढे-मागे डुलत असेल आणि बाजूला फट दिसत असेल, तर दगड मुळात तळावर कधी बसलाच नव्हता. तो काठांवर टेकून उभा होता आणि पावसात काठ दूर गेले. हे ओल्या महिन्यांचं.

शंका असेल तर साध्या कागदाच्या पट्ट्या घ्या. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. दगड आणि काठ यांच्यामध्ये पट्टी सरकवत सगळीकडून फिरा. जिथे पट्टी अडते तिथे पेन्सिलीने दाइझाच्या बाहेरच्या बाजूला बारीक खूण करा. पूर्ण फेरी झाली की दाइझा कुठे धरतोय याचा नकाशाच तयार होतो.

दगड काढल्यावर खाचेच्या आत टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघा. दगड जिथे महिनोन्‌महिने घासला आहे तिथे लाकूड घोटल्यासारखं चकाकतं. हे चकाकणारे ठिपके खोटं बोलत नाहीत. ते तळावर, काठापासून आत असतील तर छान. काठाच्या उतारावर, समोरासमोर असतील तर चोर सापडला.

साताऱ्याच्या एका काकांचा दगड असाच माझ्याकडे आला होता. नीरा नदीच्या पात्रातला काळा बेसाल्ट, दोन शिखरांचा, जपानी लोक ज्याला तोयामा-इशी म्हणजे दूरच्या डोंगराचा दगड म्हणतात तसा. लांबीला वीतभर. पुढचा उतार इतका सुरेख की दगड टेबलावर ठेवल्याबरोबर पठारावरून सह्याद्रीची रांग पाहिल्यासारखं वाटावं. दाइझा साध्या चिरलेल्या सागाचा, भर पावसात कोरलेला, आणि काम खरोखर नेटकं. एप्रिलमध्ये मात्र दगड सी-सॉ झाला होता. काका म्हणाले, "दगडाचाच तळ वाकडा दिसतोय, जरा ग्राइंडर मारून घेऊ का?" मी टॉर्च मारून त्यांना खाचेत दोन चकाकते ठिपके दाखवले. एक पुढच्या काठावर, एक बरोबर त्याच्या समोर मागच्या काठावर, दोन्ही तळापासून पाच-सहा मिलिमीटर वर. दगडाचा तळ खाली निमुळता होत जाणारा होता. दोन काठ आत आले आणि पाचर वर सरकावी तसा दगड सरकला. तळाला त्याचा स्पर्शच उरला नव्हता.

ग्राइंडरबद्दल स्पष्ट सांगतो. बाजारात तळ सपाट कापलेले दगड मिळतात, जपानमध्येही मिळतात, आणि त्यांना बैठक कोरणं सोपं जातं हेही खरं. पण नदीने हजारो वर्षं घासून दिलेला तळ लाकडाच्या एका ऋतूच्या हालचालीसाठी कापायचा, हे मला पटत नाही. लाकूड परत मिळतं. ऐकायचं लाकडाने.

काठ मोकळा करणं

काठाचा फक्त वरचा दीड-दोन मिलिमीटरचा ओठ डोळ्याला दिसतो. त्याच्या खालचा उतार दिसतच नाही, आणि नेमका तोच दगडाला पाचरीसारखा वर ढकलतो. म्हणून ओठ जपून ठेवायचा आणि खालचं लाकूड पोखरून काढायचं. लहान गोल पटाशी किंवा रोटरी टूलचा गोल बिट यासाठी चांगला. ओठाखाली निदान एक मिलिमीटर मोकळी जागा हवी, लांब बाजूंना थोडी जास्त. टोकांकडे एवढी काळजी नको, कारण तिथे लाकूड सरकतच नाही.

ओठ आणि दगड यांत किती अंतर ठेवायचं हे तुम्ही कोणत्या महिन्यात काम करताय त्यावर ठरतं, आणि ही गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. एप्रिल-मेमध्ये लाकूड सर्वांत आकसलेलं असतं, यापुढे खाच फक्त उघडणार. तेव्हा ओठ दगडाला कागदभर अंतरावर आणला तरी चालतो. ऑगस्टमध्ये लाकूड सर्वांत फुगलेलं असतं, यापुढे खाच मिटत जाणार. शंभर मिलिमीटर रुंदीच्या खाचेला तेव्हा दोन्ही लांब बाजूंना अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर ठेवा, म्हणजे साधारण दोन व्हिजिटिंग कार्डं. वलयं उभी असलेल्या फळीत एक कार्ड पुरतं. ऑगस्टमध्ये ही फट दिसेल, हे मान्य करून चला. दिवाळीनंतर ती मिटत जाते आणि हिवाळ्यात दाइझा सर्वांत देखणा दिसतो.

काम झालं की दाइझाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने महिना आणि लाकडाचं नाव लिहून ठेवा. पुढे कधी तो दुरुस्तीला काढला, तर हातात घेणाऱ्याला सगळा अंदाज तिथेच मिळतो.

तीन टेकू

आता तळ. दगडाच्या संपूर्ण खालच्या पृष्ठभागाला लाकडाचा स्पर्श झालाच पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यासाठी लोक दिवसचे दिवस घालवतात. असा तळ पहिल्या दिवशी समाधान देतो. नंतर लाकूड एका जागी केसभर उचललं की त्या उंचवट्यावर दगड डुलायला लागतो. तीन ठिकाणी टेकलेली वस्तू कधी डुलत नाही, मग त्या तीन जागा थोड्या वरखाली झाल्या तरी. म्हणून तळावर तीन टेकू ठेवायचे, प्रत्येक साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद, आणि बाकीचा तळ त्यांच्यापेक्षा एखादा मिलिमीटर खोल कोरायचा. बाहेरून काहीच दिसत नाही.

टेकू कुठे ठेवायचे हे ठरवायला लहान मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीच्या तीन गोळ्या घ्या. त्या मेणकागदावर ठेवा, म्हणजे दगडाला तेल लागणार नाही, आणि दगड ज्या कोनात मांडायचा आहे त्याच कोनात वर टेकवा. गोळ्या हलवत राहा. दगड कुठूनही बोट लावलं तरी न कलंडता उभा राहिला की गुरुत्वमध्य त्रिकोणाच्या आत आला. दोन टेकू एका टोकाकडे आणि एक दुसऱ्या टोकाकडे, असं बहुतेक लांबट दगडांना जमतं. उंच, कड्यासारख्या दगडाला त्रिकोण शक्य तितका रुंद हवा. दहा किलोच्या पुढच्या दगडाला टेकू मोठे ठेवा, नाहीतर काही महिन्यांत लाकूड दबतं.

टेकू अचूक जुळवायला कार्बन पेपर वापरा. त्याचे लहान तुकडे करून शाईची बाजू लाकडाकडे ठेवा, दगड सरळ वरून खाली सोडा, जरासुद्धा न घासता तसाच वर उचला. लाकडावर जिथे निळा ठिपका उमटला तेवढाच भाग पटाशीने उतरवायचा. पुन्हा कार्बन, पुन्हा ठिपके. आधी एक-दोन जागा उमटतात, मग तिसरी येते. तीन टेकूंवर सारखा ठसा उमटला की थांबा. कार्बन पेपर सुरकुतत असेल तर दगडाच्या तळाला खडूची पूड लावा, ती नंतर पाण्याने निघते. काजळ, तेलकट रंग, मशीन दुरुस्तीतला निळा रंग यांतलं काहीही दगडाला लावू नका. पाणी आणि ऊन देऊन वर्षानुवर्षं दगडाचं तेज वाढवत नेणं हा या कलेचा मोठा भाग आहे, जपानी लोक त्याला योसेकी म्हणतात. सच्छिद्र दगडात तेल एकदा शिरलं की ते तेज डागाळतं.

खाचेच्या तळाची जाडी जेमतेम सेंटिमीटरभर असते. त्यामुळे उभ्या दिशेतली हालचाल नगण्य राहते आणि टेकू वर्षभर जागेवर राहतात. वजन तळावर टाका असं मी इतकं लावून धरतो ते याच कारणाने.

फेल्ट, रबर, सिलिकॉन यांविषयी नेहमी विचारणा होते. खाचेत फेल्ट चिकटवल्याने दगड हलायचा थांबतो हे खरं, पण आपल्या पावसाळ्यात ते ओलावा धरून ठेवतं आणि त्यावर बुरशी येते. सिलिकॉन तर नकोच. त्यातला तेलकट अंश दगडात झिरपतो, आणि पुढे कोणाला दगड काढायचा झाला तर दाइझाचा काठ तुटतो. प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवसांपुरता आधार हवा असेल तर टेकूवर मधमाशांच्या मेणाची बारीक गोळी, वर मेणकागदाचा तुकडा, एवढं पुरे.

चीर पडली असेल तर

टोकाच्या काठावर, तंतूंच्या रेषेत पडलेली चीर हे दगड चिमटीत सापडल्याचं लक्षण आहे. तिथे काठाचे तंतू आखूड असतात, काठाच्या जाडीतून आरपार गेलेले, म्हणून फाटायला तीच जागा सर्वांत सोपी.

चीर दिसली की सगळ्यात आधी दगड काढा. चीर उघडी असताना त्यात लाकडाचा भुसा आणि डिंक भरू नका. पावसाळ्यात लाकूड परत फुगलं की भरलेलं सामान आत दाबलं जातं आणि शेजारी नवी चीर निघते. दगड काढून दाइझा आठवडाभर तसाच राहू द्या. बऱ्याचदा चीर आपोआप मिटते. मग वर सांगितल्याप्रमाणे लांब काठ मोकळे करा, आणि त्यानंतर चिरेत फेव्हिकॉल झिरपवून हलक्या क्लॅम्पने धरा. क्रम महत्त्वाचा आहे. काठ मोकळे करायच्या आधी चिकटवलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते परत फाटणार. नवीन दाइझा करताना टोकांचा काठ बाजूंच्या काठापेक्षा थोडा जाड ठेवा, बाजूंना तीन मिलिमीटर असेल तर टोकांना चार-पाच. बाहेरून ओठ बारीक करून ही जाडी लपवता येते.

दाइझाच वाकला असेल तर

काचेवर टकटक वाजणाऱ्या दाइझाची गोष्ट वेगळी. हे जवळजवळ नेहमी पॉलिशमुळे होतं. बाहेरून चार-चार हात मारलेले आणि खाचेच्या आत, पायांच्या तळाला लाकूड कोरं. कोरी बाजू ओलावा लवकर घेते, लवकर सोडते, आणि दाइझा वाकतो. पाय घासायच्या आधी हे दुरुस्त करा, नाहीतर ऋतू बदलला की घासलेले पाय उलट्या बाजूने वाजतील. चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून आत, बाहेर, तळाला, सगळीकडे दोन-तीन हात द्या. जिथे तंतूंची टोकं उघडी आहेत तिथे आणखी एक-दोन. लाख पूर्ण वाळेपर्यंत दगड आत ठेवू नका, नाहीतर तो चिकटून बसेल. लाखेवर बाहेरून मेणाचा हात दिला की जपानी दाइझाची ती मंद चमक येते.

जवसाच्या तेलावर माझा जीव आहे, सागावर त्याचा रंग अप्रतिम उतरतो. पण ओलावा अडवायला ते फार कमी पडतं, त्या कामाला लाखच हवी. लाखही ओलावा पूर्ण थांबवत नाही. चार दिवसांच्या झडीला ती पुरते, चार महिन्यांच्या पावसाळ्यात लाकूड हळूहळू फुगणारच. म्हणून पॉलिशच्या भरवशावर काठ घट्ट ठेवू नका.

लाख लावून दाइझा महिनाभर शांत राहिला, तरीही वाजत असेल, तर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पाय त्यावर गोल गोल घासा. लांब असलेला पाय आधी घासला जातो आणि सगळे एका पातळीत येतात. घासलेल्या जागी परत लाख लावायला विसरू नका.

लाकूड निवडताना

वखारीत फळीचं टोक बघा. वलयं तोंडाशी काटकोनात उभी दिसतात ती फळी वेगळी काढून घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी. जुन्या वाड्याच्या दारा-खिडक्यांचं सागवान मिळालं तर उत्तमच, पण जुनं लाकूड हलत नाही हा समज सोडून द्या. शंभर वर्षांचं सागवानही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्याचा खरा फायदा हा की आतले ताण निघून गेलेले असतात, त्यामुळे ते कोरताना वाकत नाही. खिळे मात्र शोधून काढा. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे, पण त्याला कीड लवकर लागते. दाइझासाठी मी ते सुचवणार नाही.

नवीन लाकडाला एक सवलत द्या. खाच दोन-तीन मिलिमीटर कमी कोरून दाइझा दोन-तीन आठवडे ज्या खोलीत मांडायचा आहे त्याच खोलीत ठेवा. मधलं लाकूड काढल्यावर उरलेलं थोडं हलतं, ते आधीच हलून जाऊ दे. त्यानंतर कार्बन पेपर काढा. दिवसरात्र एसी चालू असलेल्या खोलीसाठी तर हे आवश्यकच, कारण ती हवा पावसाळ्यातही कोरडी असते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना दाइझासकट दगड भेट पाठवणाऱ्यांनी याहून जास्त काळजी घ्यावी. तिकडच्या उत्तरेकडच्या शहरांत जानेवारीत घराच्या आतली हवा हीटरमुळे आपल्या एप्रिलइतकी किंवा त्याहून कोरडी होते. पुण्यात जुलैत कोरलेला दाइझा तिथे पहिल्याच हिवाळ्यात फाटू शकतो. मोकळे काठ आणि तीन टेकू यांशिवाय पाठवूच नका. शिसव असेल तर ते साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, पाठवण्याआधी नियम पाहून घ्या.

बोन्सायच्या मेजाचं काय?

बोन्सायच्या मेजाचं दुखणं याच घरचं आहे, फक्त तिथे पाणीही आहे. मेजाची फळी मधोमध खोलगट होते किंवा फुगीर, मग चार पायांतला एक अधांतरी राहतो आणि कुंडी डुलते. कुंडीखालच्या पांढऱ्या डागांची तक्रारही बरोबर येतेच. झाडाला पाणी मेजावर असताना कधीही घालू नका. आधी पाणी घाला, निथळू द्या, कुंडीचे पाय पुसा, मग झाड मेजावर मांडा, आणि मांडणी संपली की उतरवा. मेज प्रदर्शनापुरतं, रोजच्या जागेसाठी नाही.

वाकलेल्या फळीला खालून आडव्या पट्ट्या ठोकून सरळ करायचा मोह होतो. स्क्रू आणि फेव्हिकॉलने पक्क्या केलेल्या पट्ट्या फळीला रुंदावू देत नाहीत, आणि फळी मधून फाटते. जपानी सुतारांची यावरची पद्धत फार शहाणी आहे. फळीच्या खाली डव्हटेल आकाराची, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, अशी आडवी खोबण करून त्यात त्याच आकाराची पट्टी सरकवतात, तिला अरिझान म्हणतात. पट्टी फळीला वाकू देत नाही, पण फळी पट्टीवरून रुंदीला सरकू शकते. फेव्हिकॉल लावायचाच तर फक्त मध्यावर एका ठिपक्यापुरता. आपल्याकडचा कुठलाही चांगला सुतार हे काम करू शकतो, त्याला फक्त ठणकावून सांगावं लागतं की टोकं चिकटवायची नाहीत, कारण सवयीने त्याचा हात डिंकाकडे जातोच.